नेपाळच्या यात्रेत आधारकार्ड कुणाला चालते आणि कुणाला नाही

नाशिकच्या सिडको भागातील एका गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. १२ ते २२ मे या काळात घरातील सात जण पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथाच्या दर्शनाला निघणार आहेत. नाशिकरोडहून रेल्वेने गोरखपूर, तेथून गाडी करून सोनौलीच्या नाक्यावरून नेपाळात, पुढे पोखरा, मुक्तिनाथ आणि काठमांडू, आणि येताना काठमांडूहून दिल्लीमार्गे विमानाने मुंबई असा बेत आहे. वडील ७२ वर्षांचे, आई ६४ वर्षांची, स्वतः ४४, पत्नी ४०, यंदा दहावीची परीक्षा देणारी १६ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा, आणि सिन्नरला राहणारा १७ वर्षांचा पुतण्या. पुतण्याचे आईवडील बरोबर येणार नाहीत. आधारकार्ड सातही जणांकडे आहे. मतदार ओळखपत्र त्यांच्या स्वतःकडे, आईकडे आणि पत्नीकडे आहे, पण पत्नीचे कार्ड माहेरच्या नावाचे आणि चाळीसगावच्या पत्त्याचे आहे. वडिलांचे कार्ड हरवले आहे. पासपोर्ट कुणाकडेही नाही. सहल ठरवून देणाऱ्याने त्यांना सांगितले आहे की नेपाळला आधार चालते, चिंता करू नका. हे खरे मानून तिकिटे काढावीत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

परदेश प्रवासाची कागदपत्रे तपासून देण्याचे काम मी नाशिकमध्ये बरीच वर्षे करीत आहे आणि नेपाळच्या यात्रेबद्दल हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात ऐकायला मिळतो. सरळ उत्तर द्यायचे तर तुमच्या सात जणांपैकी आधारकार्डावर निर्धास्तपणे प्रवास करू शकतील असे फक्त दोघेच आहेत, तुमचे वडील आणि तुमचा धाकटा मुलगा. बाकी पाच जणांना वेगळे कागद लागतील, आणि त्या पाचांतही प्रत्येकाची अडचण निराळी आहे. म्हणून ‘नेपाळला काय चालते’ असा एकच प्रश्न सर्वांसाठी न विचारता प्रत्येक माणसासाठी आणि प्रत्येक सीमा-ओलांडणीसाठी तो स्वतंत्रपणे विचारावा लागतो. तुमच्या बेतात सीमा दोनदा ओलांडली जाणार आहे, एकदा रस्त्याने आणि एकदा विमानाने. या दोन ठिकाणची तपासणी सारखी नसते, आणि गैरसमजाचे मूळ तिथेच आहे.

भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली शांतता आणि मैत्रीचा करार झाला, त्यामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जाण्यासाठी व्हिसा लागत नाही आणि सीमा खुली मानली जाते. सोनौलीला तुम्ही जाल तेव्हा हे प्रत्यक्ष दिसेल. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान उभे असतात, पलीकडे नेपाळी पोलीस असतात, मधून सायकली, रिक्षा, मालट्रक आणि बाजारहाट करणारी माणसे सतत ये-जा करीत असतात. जवानाला वाटले तर तो गाडी थांबवून ओळखपत्र पाहतो, कधी सर्वांचे पाहतो, कधी फक्त पुढच्या सीटवरच्याचे, आणि कधी हात करून पुढे सोडतो. त्यामुळे नुकतेच जाऊन आलेले लोक घरी येऊन सांगतात की आम्हाला कुणी काही विचारलेच नाही. त्यांचा अनुभव खोटा नसतो. मात्र व्हिसा लागत नाही याचा अर्थ ओळख आणि नागरिकत्व दाखवणारा कागद लागत नाही असा होत नाही, आणि रस्त्यावर कुणी विचारले नाही म्हणजे विमानतळावरही विचारणार नाहीत असेही होत नाही.

विमानाची कडक तपासणी विनाकारण आलेली नाही. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या आयसी ८१४ या विमानाचे अपहरण झाले, आणि त्यानंतर या दोन देशांमधल्या हवाई प्रवासाला ठरावीक ओळखपत्रांची सक्ती आली. तेव्हापासून विमानाने जाणाऱ्या किंवा येणाऱ्या भारतीयाने वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र दाखवावे असा मूळ नियम आहे. वयाची १५ वर्षे पूर्ण न झालेल्या आणि ६५ वर्षांपेक्षा अधिक वयाच्या व्यक्तींना त्यात सवलत आहे. त्यांना वय आणि ओळख पटवणारा फोटोचा कागद पुरतो, जसे पॅनकार्ड, वाहन परवाना, शिधापत्रिका, केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे कार्ड. या यादीत आधारकार्डाची भर जानेवारी २०१९ मध्ये पडली. त्या वेळी ‘नेपाळ-भूतानला आता आधार चालणार’ एवढाच मथळा लोकांच्या लक्षात राहिला आणि वयाची अट विस्मरणात गेली. सहल ठरवून देणारे आजही तोच मथळा सांगतात.

मधल्या वयाच्या माणसाला आधार का चालू नये, असे मला नेहमी विचारले जाते, आणि लोकांच्या स्वरात नाराजीही असते, कारण बँकेपासून रेशनपर्यंत सगळीकडे तेच कार्ड मागितले जाते. याचे कारण कायद्यातच आहे. आधार हा रहिवाशाला मिळणारा क्रमांक आहे. भारतात ठरावीक काळ राहिलेल्या परदेशी माणसालाही तो मिळू शकतो, आणि आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे असे २०१६ च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमातच म्हटले आहे. मतदार यादीत मात्र फक्त भारतीय नागरिकाचेच नाव येते. सीमेवरच्या अधिकाऱ्याला तुम्ही कोण आहात याइतकेच तुम्ही कोणत्या देशाचे नागरिक आहात हेही जाणून घ्यायचे असते. म्हणून मतदार ओळखपत्र चालते आणि आधार चालत नाही. लहान मुले आणि वृद्ध यांच्याबाबत सरकारने ही अट सैल केली आहे, आणि ती सवलत आहे हे लक्षात ठेवूनच तिचा उपयोग करावा.

आता तुमच्या घरातील एकेका व्यक्तीकडे येतो.

वडिलांचे वय ७२ असल्याने त्यांचे आधारकार्ड पुरेल आणि हरवलेल्या मतदार ओळखपत्रासाठी आत्ता धावाधाव करण्याची गरज नाही. फक्त त्यांच्या आधारवर पूर्ण जन्मतारीख आहे की केवळ जन्मवर्ष आहे ते पाहून घ्या. सुरुवातीच्या वर्षांत निघालेल्या अनेक कार्डांवर फक्त वर्ष आहे, किंवा तारीख ठाऊक नसल्याने १ जानेवारी घातलेली आहे. जोडीला पॅनकार्ड ठेवा, पण दोन्हींवरची तारीख जुळते का हे आधी तपासा.

आईच्या बाबतीत तुमचा समज असा दिसतो की ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणून त्यांनाही आधार चालेल. बँकेत ज्येष्ठत्व ६० ला येत असले तरी इथली रेषा ६५ ची आहे, आणि ६४ व्या वर्षी आधारवर प्रवास करता येत नाही. सुदैवाने त्यांच्याकडे मतदार ओळखपत्र आहे आणि ते कोणत्याही वयाला पुरते. तुम्ही त्या कार्डाचे जे वर्णन केले आहे त्यावरून ते नव्वदच्या दशकातले, प्लास्टिकमध्ये दाबलेले, कृष्णधवल फोटोचे कार्ड आहे. अशी कार्डे मी पुष्कळ पाहिली आहेत. फोटोतला चेहरा करडा पडून ओळखू येत नाही, कडेने प्लास्टिक सुटलेले असते, नावापुढे आधारवर नसलेले ‘बाई’ जोडलेले असते, आणि जन्मतारखेच्या जागी ‘१-१-१९९५ रोजी वय’ असे छापून त्यापुढे अंदाजाने आकडा लिहिलेला असतो. तुम्ही लिहिले आहे की आईच्या कार्डावर तो आकडा ३५ आहे. त्या हिशेबाने त्यांचे वय आज ६५ च्या पुढे जाते आणि आधारच्या हिशेबाने ६४ भरते. घरात कुणीतरी सुचवेल की मग आपण ६५ च्या पुढचेच सांगू. तसे करू नये. दोन कागद दोन वये सांगत आहेत हे अधिकाऱ्याच्या ध्यानात आले की पुढचे प्रश्न वाढतात, आणि आईंना ते प्रश्न परक्या विमानतळावर उभे राहून ऐकावे लागतील. निवडणूक आयोगाचा नमुना ८ भरून नाव, जन्मतारीख आणि फोटो यांची दुरुस्ती आजच टाका, म्हणजे नवे कार्ड मिळेल आणि वयाचा मुद्दाच उरणार नाही. त्याबरोबर पासपोर्टचा अर्जही करावा असे माझे आग्रहाचे मत आहे, त्याविषयी पुढे लिहितो.

तुमच्या स्वतःच्या कार्डात काही अडचण दिसत नाही. मूळ कार्ड बरोबर ठेवा, मोबाइलमधला फोटो किंवा रंगीत झेरॉक्स यांवर विसंबू नका.

पत्नीचा प्रश्न आपल्याकडच्या बहुतेक घरांत असतो. मतदार ओळखपत्रावर माहेरचे नाव, आधार आणि पॅनवर सासरचे नाव, आणि काही घरांत लग्नानंतर पहिले नावही बदललेले. कार्डावरचा पत्ता चाळीसगावचा आहे याने बिघडत नाही, कारण सीमेवर पत्ता जुळवून पाहत नाहीत. नाव मात्र विमान कंपनीच्या काउंटरवर अक्षर न् अक्षर जुळवले जाते. म्हणून नियम असा पाळा की जो कागद दाखवून प्रवास करायचा, त्या कागदावरचेच नाव तिकिटावर घालायचे. पत्नी माहेरच्या नावाच्या मतदार ओळखपत्रावर जाणार असतील तर तिकीटही माहेरच्याच नावाने काढा, घरात ते कितीही विचित्र वाटले तरी. दोन नावांची एकच व्यक्ती आहे हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला बरोबर ठेवा. नाशिक महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयात विवाह नोंदवला असेल तर त्याची प्रत काढून घ्या. इंग्रजी स्पेलिंगकडेही लक्ष द्या. आडनाव पाटील असेल तर एका कागदावर ‘टी’ नंतर ‘आय’ असतो, दुसऱ्यावर दोनदा ‘ई’ असतो, आणि घरातल्या कुणालाही तो फरक इतकी वर्षे जाणवलेला नसतो. तिकीट काढणारा मुलगा आधारवरून नाव टाइप करतो, काउंटरवर दुसरेच कार्ड दाखवले जाते, आणि गाठ तिथे पडते.

मुलीचे वय १६ आहे, म्हणजे ती १५ च्या आतल्या सवलतीत बसत नाही आणि मतदार होण्याइतकी मोठीही नाही. १५ ते १८ या वयोगटासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा प्राचार्यांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र चालते. त्यात विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, इयत्ता, पालकांची नावे, पत्ता आणि साक्षांकित फोटो असतो, आणि शाळेचा शिक्का फोटोवरही उमटलेला असावा. नेहमीचे बोनाफाइड सर्टिफिकेट म्हणजे हे नव्हे. फोटो नसलेला बोनाफाइड कागद घेऊन आलेली मुले मी पाहिली आहेत, तो पुरत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत वेळेचा आणखी एक प्रश्न आहे. ती दहावीला असल्याने मार्चमध्ये परीक्षा संपली की शाळेशी तिचा संबंध जवळजवळ संपतो, निकालानंतर शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की मुख्याध्यापक ‘ही आमच्या शाळेत शिकते’ असे लिहून देऊ शकत नाहीत, आणि अकरावीचा प्रवेश तर जूनशिवाय होत नाही. मे महिन्यात शाळेचे कार्यालयही सुट्टीमुळे धड उघडे नसते. त्यामुळे ते प्रमाणपत्र मार्च-एप्रिलमध्ये, शेवटच्या पेपराच्या आसपासच घेऊन ठेवा आणि शाळा सोडल्याचा दाखला यात्रेहून आल्यावर काढा.

धाकट्या मुलाचे आधार चालेल, पण ते काढून नीट पाहा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारवर मुलाचा अगदी लहानपणीचा फोटो असतो. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि नवा फोटो देऊन ते अद्ययावत करायचे असते, आणि अनेक पालकांचे ते राहून जाते. नऊ वर्षांचा मुलगा समोर उभा आणि कार्डावर रांगते बाळ, अशा कार्डावर अधिकारी ओळख कशी पटवणार? आधार केंद्रावर जाऊन फोटो बदलून घ्या, आणि तुमची दोघांची नावे असलेला त्याचा जन्मदाखला बरोबर ठेवा.

आता पुतण्याविषयी, आणि इथे मला तुम्हाला थांबवून नीट सांगायचे आहे, कारण तुमच्या प्रश्नात ही गोष्ट एका ओळीत आली असली तरी सगळ्यांत अवघड तीच आहे. तुम्ही लिहिता की तो १९ मे रोजी अठरा पूर्ण करतो. तुम्ही १२ ला निघणार आणि २२ ला परतणार. म्हणजे जाताना तो अल्पवयीन असेल आणि येताना सज्ञान. सोनौलीला जे प्राचार्यांचे प्रमाणपत्र त्याला चालेल, ते काठमांडूच्या विमानतळावर चालणार नाही, कारण त्या दिवशी तो त्या वयोगटात उरलेला नसेल. मतदार ओळखपत्रही तोवर मिळणे शक्य नाही. मतदार नोंदणीसाठी वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा, म्हणजे अठरा पूर्ण झाले का हे मोजण्याच्या तारखा, असतात. अर्ज आधी करता येतो, पण १९ मे रोजी अठरा पूर्ण करणाऱ्याची अर्हता १ जुलैला ठरते. त्याच्यासाठी पासपोर्ट हा एकच मार्ग आहे, आणि तो अल्पवयीन असतानाच, म्हणजे आत्ताच, त्याच्या आईवडिलांनी अर्ज करायला हवा. अल्पवयीनाच्या अर्जाला आईवडील दोघांच्या संमतीचे ‘अनेक्श्चर डी’ हे प्रतिज्ञापत्र लागते. १५ ते १८ वयाच्या मुलाला हवा तर दहा वर्षांच्या मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. त्याच्यासाठी तोच घ्यावा, नाहीतर १९ मे रोजी अठरा पूर्ण होताच पासपोर्टची मुदतही संपेल आणि सगळा खटाटोप वाया जाईल.

पुतण्याजवळ आणखी एक कागद असू द्या. त्याचे आईवडील बरोबर नाहीत, म्हणून काकांबरोबर अमुक तारखांना नेपाळला जाण्यास आमची संमती आहे असे दोघांच्या सहीचे, नोटरी केलेले पत्र आणि त्या दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती घ्या. मी हे पत्र प्रत्येक वेळी करायला लावतो. या सीमेवरून मुलामुलींची तस्करी होते, म्हणून सशस्त्र सीमा बलाचे जवान आणि तिथे काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते तरुण मुलांना बाजूला घेऊन प्रश्न विचारतात, मुलींना तर आवर्जून विचारतात. ती चौकशी योग्यच आहे. तुमच्या मुलीला आणि पुतण्याला आधीच सांगून ठेवा की न घाबरता सरळ उत्तरे द्यायची.

वाचकांपैकी काहींनी कुटुंबासाठीच्या सवलतीबद्दल ऐकले असेल. पती, पत्नी, अल्पवयीन मुले आणि आईवडील असे कुटुंब एकत्र प्रवास करीत असेल आणि प्रौढांपैकी एकाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असेल, तर इतरांनी फोटोचे ओळखपत्र आणि नाते दाखवणारा कागद, उदाहरणार्थ शिधापत्रिका, दाखवली तरी चालते, अशी तरतूद आहे. ती खरी आहे, पण तिच्या भरवशावर बेत आखावा असे मला वाटत नाही. निफाड तालुक्यातून गेलेल्या एका गटात ५८ वर्षांच्या एका बाई फक्त आधार घेऊन गेल्या होत्या. सोनौलीला त्यांना कुणी अडवले नाही. काठमांडूला विमान कंपनीच्या काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने बोर्डिंग पास द्यायला नकार दिला. पतीकडे मतदार ओळखपत्र होते, त्यामुळे सवलत लागू झाली असती, पण नाते दाखवणारी शिधापत्रिका घरी कपाटात होती. बाकी मंडळी विमानाने आली, आणि या दोघांना रात्रभराच्या बसने परत सोनौलीला आणि तिथून गोरखपूरला यावे लागले. तिकिटाचे पैसे बुडाले ते वेगळेच. काउंटरवरच्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही. अपुऱ्या कागदांवर प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड भरावा लागतो, म्हणून तो माणूस तुमच्या अडचणीपेक्षा त्याच्या यादीकडेच पाहणार. शिवाय ‘कुटुंब’ या शब्दात तुमचा पुतण्या बसत नाही, हेही लक्षात घ्या. तरीही शिधापत्रिका मूळ स्वरूपात बरोबर ठेवा, तिचे वजन काहीच नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगतो, कारण माणसे सात आहेत. वडील आणि धाकटा मुलगा आधारवर, तुम्ही आणि आई मतदार ओळखपत्रावर, पत्नी मतदार ओळखपत्रावर आणि त्याच नावाच्या तिकिटावर, मुलगी मुख्याध्यापकांच्या प्रमाणपत्रावर, पुतण्या पासपोर्टवर. ही कामचलाऊ व्यवस्था झाली, आणि ती नियमात बसते. पण माझ्या घरची माणसे निघाली असती तर मी सातही जणांचे पासपोर्ट काढले असते, आणि तुम्हालाही तोच सल्ला देतो. पासपोर्ट असला की वय, नाते, माहेर-सासर, शाळा यांपैकी कोणताही प्रश्न निर्माण होत नाही. पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. साऱ्या देशाला पासपोर्ट पुरवणाऱ्या या शहरातल्या कितीतरी घरांत एकही पासपोर्ट नसावा याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण अडचण खर्चाची फारशी नसते, ‘आपल्याला कुठे परदेशी जायचंय’ या समजाची असते.

खर्चाचे म्हणाल तर ३६ पानी पासपोर्टला मोठ्या माणसाला १,५०० रुपये आणि अल्पवयीनाला १,००० रुपये शुल्क आहे, पण पुतण्यासाठी दहा वर्षांच्या मुदतीचा घेतला तर १,५०० रुपयेच पडतील. साठीच्या पुढच्यांना त्यात १० टक्के सवलत मिळते, ती तुमच्या आईवडिलांना दोघांनाही मिळेल. तत्काळचे २,००० रुपये जास्तीचे पडतात, आणि आत्ता अर्ज केला तर त्याची गरज भासू नये. अर्ज पासपोर्ट सेवेच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरा. हुबेहूब तशीच दिसणारी आणि जादा पैसे घेणारी बनावट संकेतस्थळेही आहेत, म्हणून पत्ता नीट पाहा. भेटीची वेळ नाशिकच्याच पासपोर्ट सेवा केंद्रात मिळते. पोलीस पडताळणी तुमच्याकडे शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतल्या ठाण्यातून होईल आणि पुतण्याची नाशिक ग्रामीणकडून. वेळ लागतो तो बहुधा याच टप्प्यावर, म्हणून पोलीस येतील त्या दिवसांत माणूस घरी असावा आणि मूळ कागद हाताशी असावेत. गावाला लग्नाला गेलेला अर्जदार पोलिसांना पत्त्यावर सापडला नाही तर प्रतिकूल शेरा जातो आणि मग महिना-दीड महिना सहज मोडतो.

आईच्या अर्जात एक शंका हमखास येते. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, दहावीचे प्रमाणपत्र नाही, मग पासपोर्टवर ‘ईसीआर’ चा, म्हणजे परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी लागेल असा, शेरा बसेल आणि जाता येणार नाही, असे त्यांना कुणी सांगितले असेल. ५० वर्षांवरील व्यक्ती त्या शेऱ्यातून मोकळी असते. आणि तो शेरा असला तरी तो ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांपुरता असतो, देवदर्शनाला जाणाऱ्याशी त्याचा संबंध नाही. जन्मदाखल्याचीही चिंता नको. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच जन्मतारखेसाठी फक्त जन्मदाखला लागतो. त्याआधीच्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅनकार्ड, वाहन परवाना असे पर्याय आहेत. मात्र जी तारीख पासपोर्टवर येईल तीच पुढे सर्वत्र धरली जाईल, म्हणून आधारवरची तारीख खरी असल्याची खात्री आधी करा.

कागद कसे न्यावेत याबद्दल दोनच गोष्टी. प्रत्येकाचे मूळ कागद वेगळ्या पारदर्शक पाकिटात घालून पाकिटे खांद्याच्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नकोत, कारण ती बॅग गाडीच्या टपावर बांधली जाते. झेरॉक्सचा एक पूर्ण संच दुसऱ्याच व्यक्तीकडे असू द्या. नेपाळमध्ये मूळ कागद हरवले तर स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवून काठमांडूतल्या लैंचौर भागातल्या भारतीय दूतावासात जावे लागते, आणि तिथे भारतात परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र मिळू शकते. त्या वेळी झेरॉक्स हातात असली तर काम बरेच सोपे होते. दूतावासाच्या संकेतस्थळावर भारतीय प्रवाशांसाठी चालणाऱ्या कागदांची यादी असते, ती निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहा, कारण अशा सवलती आदेशाने येतात आणि आदेशाने बदलतात.

तिकिटांचा क्रम असा ठेवा. गोरखपूरचे रेल्वे आरक्षण आत्ता करायला हरकत नाही. काठमांडूहून परतीचे विमान मात्र पत्नी कोणत्या कागदावर जाणार हे पक्के झाल्यावर आणि पुतण्याचा पासपोर्ट हातात आल्यावरच घ्या. भाडे चार पैसे वाढले तरी वाढू द्या. एप्रिलअखेरपर्यंत त्याचा पासपोर्ट आला नाही, तर येतानाही सर्वांनी सोनौलीमार्गे रस्त्यानेच यायचे आणि गोरखपूरहून नाशिकरोडची गाडी पकडायची. पण रस्त्यानेही १९ मे नंतर तो सज्ञानच असेल आणि प्रमाणपत्रावर भागणार नाही. तेव्हा त्या परिस्थितीत यात्रेच्या तारखाच आठवडाभर अलीकडे ओढून १८ मे पूर्वी सीमा ओलांडून परत यायचे, हे आजच घरात ठरवून ठेवा, म्हणजे रेल्वेची तिकिटेही त्या बेताने काढता येतील.